हुगळीकांठचें लहानसें विद्यापीठ

नाताळच्या सुटींत आम्ही गांवीं आलों असतां परवां शाळेवरून सहज चाललों होतों. फाटकाशींच आमच्या जुन्या गुरुजींनीं आम्हांस गांठलें व म्हणाले, "वार्षिकासाठीं कांहीं तरी लिहून दे. विद्यापीठांतले दिवस कसे असतात हें आमच्या मुलांना कळूं दे, आणि त्यांच्या आईबापांनाहि." गुरुजींना नाहीं म्हणण्याची विद्या या शाळेनें आम्हांस कधींच शिकविली नाहीं. तेव्हां होय म्हणून बसलों, आणि लेखणी हातीं घेतल्यावर अडचण ध्यानांत आली. विद्यापीठ म्हटलें म्हणजे वाचकांच्या डोळ्यांपुढें मुंबईचा राजाबाई मनोरा किंवा पुण्याची ती गव्हर्नरसाहेबांची जुनी कोठी उभी राहते. आमचें विद्यापीठ या मापाचें नाहीं. त्याचें नांव सांगितलें कीं ऐकणाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "कोणतें म्हणालांत?"

त्याचें नांव श्रीरामपूर. परंतु येथेंहि घोटाळा आहे. आमच्या मावशीबाईंची आजतागायत अशी समजूत आहे कीं आम्ही अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या नगर, जिल्ह्यांतील उंसाच्या श्रीरामपुरास शिकतों; आणि इतक्या जवळ असून महिन्याच्या महिन्यास भेटावयास येत नाहीं म्हणून त्या आमच्यावर रुसून आहेत. आमचें श्रीरामपूर बंगालचें. हावड्याहून लोकल गाडीनें सुमारें वीस किलोमीटरांवर, हुगळी नदीच्या पश्चिम तीरावर. मुंबईहून तेथें पोहोंचावयास आगगाडींत दोन रात्री काढाव्या लागतात.

हें गांव एके काळीं डेन्मार्कच्या राजाचें होतें. विल्यम केरीसाहेब १७९३ सालीं बंगालांत आले, आणि १८०० च्या जानेवारींत या डॅनिश वसाहतीच्या आश्रयास येऊन राहिले. कारण कंपनी सरकारच्या मुलखांत मिशनरी लोकांस त्या वेळीं थारा नव्हता. केरी, मार्शमन आणि वॉर्ड या त्रिवर्गानें १८१८ सालीं येथें कॉलेज काढलें. आरंभीं विद्यार्थी होते ३७. पुढें १८२७ सालीं डेन्मार्कचे राजे सहावे फ्रेडरिक यांनीं या कॉलेजास पदव्या देण्याच्या अधिकाराची सनद दिली. मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील विद्यापीठें १८५७ सालीं निघालीं हें विद्यार्थी-वाचकांनीं पाठ केलेंच असेल; म्हणजे आमची सनद त्यांहून तीस वर्षांनीं वडील. १८४५ सालीं डेन्मार्कनें गांव इंग्रजांस विकून टाकलें तरी सनद राहिली. आतां गंमत अशी कीं या सनदेखालीं पहिली पदवी दिली गेली ती १९१५ सालीं! सनद हातांत आल्यावर अठ्ठ्याऐंशी वर्षांनीं. ग्रीक भाषेच्या पहिल्या परीक्षेंत आम्ही नापास झालों तेव्हां थोर कार्यास विलंब लागतोच असें म्हणून आम्हीं हा दाखला वडिलांस लिहून कळविला. त्यांना तो पटल्याचें दिसलें नाहीं.

सनदेची गोष्ट ऐकून कोणास वाटेल कीं तेथें हजारों विद्यार्थी असतील. पुष्कळ आहेत, पण ते आमचे नव्हेत. एकाच आवारांत दोन विद्यापीठें नांदतात. कला, शास्त्र इत्यादि शाखांचे विद्यार्थी कलकत्ता विद्यापीठाच्या परीक्षा देतात व वर्ग सुटले कीं आपापल्या घरीं जातात. सनदेचें विद्यापीठ म्हणजे ईश्वरविज्ञानाचें. त्याच्या पदव्या देशांतील इतर अनेक धर्मशिक्षणाच्या कॉलेजांतील विद्यार्थ्यांनाहि मिळतात. परंतु मूळ ठिकाणीं, नदीकांठीं, राहणारे आम्ही मूठभरच. आमच्या वर्गांत आम्हांस धरून बारा जण होते.

बारा हा आंकडा किती लहान आहे हें कळण्यास आमचें आधींचें कॉलेज सांगितलें पाहिजे. तें एका मोठ्या शहरांत होतें. त्याचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. तेथें आमचा हजेरीचा क्रमांक १४३. तीन वर्षांत कोणाहि अध्यापकानें आम्हांस नांवानें हांक मारली नाहीं. एकदां तर आम्ही पंधरा दिवस आजारी असतां एक मित्र आमच्या क्रमांकास "हजर" म्हणत होता आणि आम्ही कागदोपत्रीं निरोगी होतों! याचें आम्हांस तेव्हां मोठें कौतुक वाटे. पण त्याच आजारांत वडील फीचे पैसे घेऊन गांवाहून आले, आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत फाटकाशीं उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्यास आमचें नांव विचारीत राहिले. आमचा मुलगा कोठें असतो हें त्यांस कोणीहि सांगूं शकलें नाहीं. पुढें ते त्या गोष्टीचा उल्लेख करीत नसत. करीत नसत म्हणूनच ती आमच्या ध्यानांत राहिली.

श्रीरामपुरास जावयाचें आम्हीं ठरविलें तेव्हां वडिलांचें मत विरुद्ध होतें. आम्ही शिक्षक व्हावें, गांवाजवळ नोकरी धरावी, अशी त्यांची इच्छा. "त्या पदवीला बाहेर कोण विचारतो?" हा त्यांचा प्रश्न होता, आणि खरें सांगावयाचें तर त्याचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें.

तेथें गेल्यावर पहिल्याच आठवड्यांत एके सकाळीं डोकें दुखतें म्हणून आम्ही न्याहारीस गेलों नाहीं. अर्ध्या तासांत दारावर तीन वेळां थाप पडली : प्रथम एक केरळचा विद्यार्थी, मग भोजनगृहांतील बंगाली आचारी, आणि शेवटीं खुद्द ग्रीकचे अध्यापक. आम्हांस संकोच झाला. रागहि थोडा आला. १४३ क्रमांकाच्या मनुष्यास कोणीं विचारपूस केली तर तो प्रथम आपण काय अपराध केला तें आठवूं लागतो.

भाषेची मौज निराळीच. बंगाली मनुष्य पाणी "खातो," चहा "खातो," आणि विडीसिगारेटहि "खातो." पहिल्या दिवशीं आचाऱ्यानें "जल खाबे?" असें विचारलें तेव्हां आम्हीं चकित होऊन त्याच्या तोंडाकडे पाहत राहिलों तों त्यानें पेला भरून पुढें ठेवला. वर्गांत मिझोराम, मणिपूर, नागालँड, ओडिशा, केरळ, तामिळनाडु असे सगळीकडचे लोक. मराठी बोलणारे एकटे आम्ही. सकाळच्या प्रार्थनेंत पाळीपाळीनें ज्यानें त्यानें आपल्या भाषेंत गीत म्हणावयाचें. आमची पाळी आली म्हणजे आम्ही रेव्हरंड नारायण वामन टिळकांचें एखादें पद म्हणत असूं. शब्द कोणासच कळत नसत, तरी दुसऱ्या महिन्यापासून ध्रुपदास सगळे साथ करूं लागले. आणि त्यांचे ते मराठी उच्चार ऐकून टिळकांच्या आत्म्यास काय वाटत असेल असा विचार मनांत येऊन आमचेंच गाणें पुष्कळदां मध्येंच थांबे.

संध्याकाळीं आम्ही घाटावर बसत असूं. पलीकडे बराकपूर दिसतें, १८५७ सालच्या मार्चांत मंगल पांडे यांनीं जेथें शस्त्र उचललें तें. होड्या येतात जातात; नदी एवढी रुंद कीं कोकणच्या खाडीची आठवण व्हावी. आषाढांत जवळच माहेश येथें जगन्नाथाचा रथ निघतो, तेव्हां गांवांत अशी दाटी होते कीं आमच्याकडील एकादशीच्या पंढरपुराच्या गोष्टी आम्हीं तेथील मित्रांस सांगितल्या तर त्यांस नवल वाटेनासें झालें.

आतां जी गोष्ट सांगावयाची ती आमच्या भूषणाची नाहीं. गुरुजींनीं विद्यापीठांतले दिवस लिहावयास सांगितलें आहे, आणि हेहि त्यांतलेच दिवस.

आमचा खोलींतला सोबती नागालँडचा. आमच्याहून वडील व शेवटच्या वर्षाचा. मोजकें बोलणारा, पहांटे उठणारा, आमचे कपडे पावसांत भिजत असले तर न सांगतां आंत आणून ठेवणारा. पूजेच्या सुटीनंतर तो घरून परत आला तो एक डबा घेऊन. त्यांत आखुनी होती. सोयाबीन उकडून, पानांत बांधून, चुलीजवळ कित्येक दिवस ठेवून आंबवितात, ती ही. तिचा वास तीव्र असतो. त्या दिवशीं खोलींत वर्गांतले चारपांच जण बसले होते. सोबत्यानें मोठ्या हौसेनें डबा उघडला, आणि आम्हीं नाक धरून सर्वांदेखत म्हणालों कीं हें माणसांचें खाणें नव्हे. दोघेतिघे हंसले. त्यानें डब्याचें झांकण लावलें, डबा उचलून बाहेर ओसरीवर नेऊन ठेवला, आणि परत येऊन पुस्तक उघडून बसला. त्या दिवसापासून तो आमच्याशीं बोलेनासा झाला.

मोठ्या शहरांत अबोला धरणें सोपें आहे; मनुष्य दुसऱ्या रस्त्यानें जातो. बाराजणांत दुसरा रस्ता नसतो. खोली एक, जेवणाचें टेबल एक, प्रार्थनेचा बांक एक. मीठ त्याच्या बाजूस असलें तर आम्ही अळणी जेवत असूं. दोन दिवसांत सर्वांस बातमी लागली, आणि लहान ठिकाणचा हा एक मोठा जाच कीं तुमचें भांडण तुमचें राहत नाहीं. त्यावर प्रत्येकाचें मत असतें, आणि प्रत्येकजण तें तुम्हांस एकांतांत सांगतो. ग्रीकच्या अध्यापकांनीं तेवढें कांहीं सांगितलें नाहीं. त्यांनीं आम्हां दोघांस मिळून ग्रंथालयांतील पुस्तकें झटकण्याचें काम नेमून दिलें.

केरीसाहेबांच्या नांवाचें तें ग्रंथालय. मराठी मनुष्यास तेथें पाऊल ठेवतांना अभिमान वाटावा असें तेथें पुष्कळ आहे, ही गोष्ट आमच्या शाळेंत आम्हांस कोणी सांगितली असती तर बरें झालें असतें. केरीसाहेबांनीं महाराष्ट्रांत कधीं पाऊल ठेवलें नाहीं, तरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत ते मराठी शिकवीत. वैजनाथ पंडित यांच्या साह्यानें त्यांनीं १८०५ सालीं मराठीचें व्याकरण आणि १८१० सालीं मराठी-इंग्रजी कोश श्रीरामपुरास छापला. मत्तयाचें शुभवर्तमानहि मराठींत १८०५ सालींच तेथें निघालें. पंचानन कर्मकार आणि त्यांचे जांवई मनोहर या कारागिरांनीं तेथें अनेक लिप्यांचे खिळे घडविले. ११ मार्च १८१२ रोजीं त्या छापखान्यास आग लागली व कागद, खिळे, हस्तलिखितें जळून राख झालीं. तरी कांहीं महिन्यांतच छपाई पुन्हां सुरू झाली.

पाहुणे आले म्हणजे ग्रंथपाल जुनीं पुस्तकें दाखवीत. एके दिवशीं आम्ही दोघे झटकणी घेऊन उभे असतां पाहुण्यांपुढें तो १८१० चा कोश उघडला गेला. ग्रंथपाल आमच्याकडे वळून म्हणाले, "हे आमचे मराठी विद्यार्थी. हे आपल्याला वाचून दाखवतील." आम्हीं पुढें होऊन पाहतों तों शब्द सगळे मोडी अक्षरांत. एकहि अक्षर लागेना. आमच्या आजोबांचा सारा पत्रव्यवहार मोडींत होता. आमच्यापर्यंत ती लिपि पोहोंचली नाहीं. पाहुणे वाट पाहत होते. कान तापले. आमच्या मनांत आलें, आतां सोबती हंसणार. हंसण्याचा त्यास हक्कहि आहे. आम्हीं चोरून त्याच्याकडे पाहिलें. त्यानें पाठ फिरविली होती व तो एक फळी, जी त्यानें नुकतीच झटकली होती, ती पुन्हां झटकीत होता.

नोव्हेंबर अखेर घरून आईचें पार्सल आलें. चिवडा, मेतकूट, आणि खालीं तीन कापडांत गुंडाळलेली सुकट. कोकणच्या वाचकांस सुकटीच्या वासाचें वर्णन करावयास नको, आणि घाटावरच्यांस तें करून उपयोग नाहीं. पुडी उघडतांच खोली भरून गेली. आम्हीं ती लपवावयास जागा पाहूं लागलों. ट्रंकेंत ठेवली, गादीखालीं ठेवली, शेवटीं खिडकीबाहेर धरून उभे राहिलों. इतक्यांत सोबती आला. दारांतच थबकला, नाक वर करून त्यानें दोनदां श्वास घेतला, आणि दोन महिन्यांनीं प्रथमच आमच्याशीं बोलला. म्हणाला, "मासळी आहे कां? वाळवलेली?" आम्हीं मान हलविली. तो बाहेर गेला व ओसरीवरचा आपला डबा घेऊन आला.

त्या रात्रीं भोजनगृहाच्या मागें आचाऱ्याच्या चुलीवर आम्हीं कांदा, मिरची घालून सुकट परतली, त्यानें आखुनीची चटणी वाटली. आचारी पूर्व बंगालच्या घराण्यांतला. त्यांच्याकडेहि वाळवलेली मासळी खातात व कलकत्त्याचे लोक त्यावरून त्यांस हंसतात, असें त्यानें सांगितलें व स्वतः पानावर बसला. आखुनी आम्हांस आवडली असें म्हटलें तर तें खोटें होईल. पहिला घांस कठीण गेला. चौथा गेला.

जेवतां जेवतां सोबती म्हणाला, "आमची भाषा अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनीं रोमन अक्षरांत लिहून दिली, तेव्हां आम्हांस एक लिपि मिळाली. तुमच्याकडे दोन होत्या, आणि एक तुम्हीं टाकून दिली." यांत टोमणा नव्हता. तो खरोखरच नवल करीत होता.

आम्हीं क्षमा मागावयास हवी होती, व ती वेळ चांगली होती. आम्हांस वाटलें, मिटलें आहे तर पुन्हां कशास उकरा.

फेब्रुवारींत एके रात्रीं घरून दूरध्वनि आला कीं वडिलांस हृदयविकाराचा झटका आला असून इस्पितळांत ठेवलें आहे. आम्ही कांहीं वेळ खाटेवर नुसते बसून राहिलों. सोबत्यानें काय झालें एवढेंच विचारलें, आमच्या ट्रंकेंतील ओळखपत्र मागून घेतलें व तो निघून गेला. पहांटेपासून स्टेशनावर तत्काळ तिकिटांच्या रांगेंत उभा राहून दुपारीं तिकीट घेऊन आला. पैसे देऊं लागलों तर म्हणाला, अकरा जणांनीं मिळून काढलें आहे, हिशेब नंतर.

आगगाडींतील त्या दोन रात्रींत आमचें मन ठरलें कीं आतां परत जावयाचें नाहीं. वडिलांचें ऐकावें, गांवाजवळ नोकरी धरावी. इस्पितळांत हें त्यांस सांगावयाचें म्हणून चारपांच दिवस संधि पाहत होतों. त्या दिवसांत रोज संध्याकाळीं श्रीरामपुराहून दूरध्वनि येई. आज एकाचा, उद्यां दुसऱ्याचा. कोणी मोडक्या हिंदींत, कोणी इंग्रजींत. ग्रीकच्या अध्यापकांचा आला, आचाऱ्याचाहि आला. वडिलांनीं काय खाल्लें हें त्यानें बंगालींत सविस्तर विचारून घेतलें. सोबत्याचा दूरध्वनि लांबत नसे. "कसे आहेत?" एवढें विचारून तो ठेवून देई. वडील पडल्या पडल्या ऐकत असत. एके दिवशीं त्यांनीं विचारलें, "हे कोण लोक रे?"

आम्हीं म्हटलें, "वर्गांतले."

"सगळे?"

"सगळे, बाबा. बाराच आहों."

वडील बराच वेळ छताकडे पाहत होते. मग म्हणाले, "परतीचें तिकीट काढलेंस का?"

आम्ही परत गेलों. वडिलांना पूर्ण बरें वाटेपर्यंत थांबलों म्हणून पुष्कळ उशीर झाला होता, आणि सोबत्याच्या परीक्षा आटोपून तो गांवीं गेला होता. खाटेवर गादीची नीट घडी, व आमच्या टेबलावर तो आखुनीचा डबा, धुवून पुसून पालथा घातलेला. त्यास पत्र लिहावयाचें आहे. दोनदां आरंभ केला आणि दोनदां कागद फाडून टाकला; त्या दिवशींचें आमचें वाक्य पुन्हां अक्षरांत लिहिल्याखेरीज क्षमा कशी मागावी हें कळत नाहीं.

या सुटींत आजोबांची पेटी उघडून मोडीचे कागद बाहेर काढले आहेत. बाराखडीचें एक जुनें पुस्तक गांवांतील एका वृद्ध गृहस्थांनीं दिलें. सकाळीं वडील शेजारीं खुर्चीवर बसतात. त्यांनाहि येत नाहीं, परंतु लहानपणीं आजोबांना लिहितांना पाहिलेलें त्यांस आठवतें, व मधून मधून ते "नाहीं, हात असा वळवीत असत" असें सांगतात. कालपर्यंत एका पत्राच्या अडीच ओळी लागल्या. बैलाच्या खरेदीविषयीं आहेत.

परवां निघावयाचें. आमच्या खोलींत आतां मिझोरामहून एक नवा विद्यार्थी येणार असल्याचें अध्यापकांनीं कळविलें आहे. आई आंत सुकट निवडते आहे. दोन पुड्या बांध म्हणून तिला सांगितलें, तर ती विचारते, दुसरी कोणास?

आम्हीं म्हटलें, दुसरी आचाऱ्याला; नव्या मुलाला आधीं विचारूं.